बगळ्याच्या खांद्यावरची रेघ

बालमित्रांनो, काचेपासून जरा लांब उभे राहा. मी एक जुना पोशाख आहे आणि तुमच्या श्वासाचा ओलावाही मला बाधतो. माझ्यासाठी या दालनातले दिवे मंद ठेवले आहेत. मला हात लावणारे आधी हातमोजे घालतात. एका बॅले कंपनीला शंभर वर्षे झाली म्हणून हे प्रदर्शन भरले आहे. नामांकित चित्रकारांनी तिच्यासाठी रंगवलेले पडदे आणि पोशाख इथे मांडले आहेत, पण गर्दी होते ती माझ्यापुढे. ही फुशारकी नव्हे, हवे तर पहारेकऱ्याला विचारा.

माझा जन्म कागदावर झाला. त्यांतल्या एका चित्रकाराने नव्या नाचासाठी पंख उचललेला बगळा काढला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत एकच धारदार रेघ ओढली. तो कागद कंपनीच्या शिवणखोलीत गेला. तिथल्या शिवणाऱ्या बाईंनी जाड कॅनव्हास बेतला, रेघ ताठ राहावी म्हणून आत तार घातली आणि तारेखाली कापसाची पट्टी टाचली. चित्रकार आला, त्याने डोळे बारीक करून पाहिले आणि पट्टी उसवून फेकून दिली.

"कापसानं रेघ फुगते," तो म्हणाला.

"अहो, पण तार पोरीच्या खांद्यात घुसेल."

"मी खांदा काढलाच नाहीये, बाई. रेघ काढलीय."

ती पोरगी, म्हणजे एकोणीस वर्षांची नर्तकी, शेजारीच उभी होती. मुख्य भूमिका तिला पहिल्यांदाच मिळाली होती. तिला कुणी काही विचारले नव्हते, तरी ती घाईघाईने म्हणाली, "चालेल मला."

पहिल्या प्रयोगाला टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्तमानपत्रांनी चित्रकाराला डोक्यावर घेतले. नर्तकीच्या वाट्याला दीड ओळ आली. पंख उचलले की माझी तार तिच्या खांद्यात रुतायची आणि त्या नाचात बगळा शेवटपर्यंत पंख खाली आणत नाही. एकदा तिने गुपचूप रुमालाची घडी आत सरकवली. चित्रकार पुढच्या रांगेत बसला होता. मध्यंतरात येऊन त्याने ती स्वतःच्या हाताने ओढून काढली. त्या दिवशी तिचे रक्त माझ्यात मुरले आणि डाव्या खांद्यावर बोटभर डाग पडला. मला तिची कीव आली नाही, मित्रांनो. मला त्या डागाचा राग आला. नवेपणी मी असाच होतो.

चाळीस प्रयोगांनंतर तिचा डावा हात वर जाईना. तिला घरी पाठवले आणि मला पेटीत टाकले. पासष्ट वर्षे मी अंधारात होतो. उंदरांनी माझी शेपटी खाल्ली. कुणीतरी आपली विचारपूस करावी असे मला फार वाटायचे. तिलाही तसेच वाटत असेल, हे मात्र कधी मनात आले नाही.

प्रदर्शन ठरले तेव्हा संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाईंनी मला बाहेर काढले. त्यांना डाग दिसला. मूळ चित्रात तो नाही, पोशाखावर आहे, म्हणजे चित्रकाराने ऐनवेळी ब्रश फिरवला असणार! बाईंनी त्यावर बावीस पानांचा लेख लिहिला. फलकावर छापले, 'खांद्यावरचा तपकिरी फटकारा ही चित्रकाराच्या बंडखोरीची खूण.' त्याखाली छापले, 'नर्तकी अज्ञात.'

पहिल्याच आठवड्यात ती अज्ञात नर्तकी भाचीचा हात धरून आली. वय चौऱ्याऐंशी.

"बाई, तो रंग नाहीये. माझं रक्त आहे ते," ती तज्ज्ञ बाईंना म्हणाली. "त्यांचं नाव लिहिलंय, तसं माझंही लिहा तिथं. दुसरं काही नको मला."

बाई गोड हसल्या. "आजी, असं खूप जण येऊन सांगतात हो."

म्हातारीने ब्लाउजचा गळा खाली ओढून डावा खांदा उघडा केला. त्यावर पांढरा व्रण होता, नेमका माझ्या तारेच्या मापाचा.

"मावशी, अगं, लोक बघताहेत!" भाची म्हणाली.

"बघू दे की. तेव्हाही बघतच होते."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डागातला एक धागा तपासायला पाठवला. महिन्याने उत्तर आले की हे रक्तच आहे. आता हिचे नाव लागणार, असे मला वाटले. पण संग्रहालयाची समिती बसली आणि तिने ठरवले की ब्रशचा फटकारा असता तर तो जपला असता, रक्त म्हणजे मळ. मळ काढायचा. "आणि रक्त त्यांचंच कशावरून?" तज्ज्ञ बाई म्हणाल्या. आपला लेख त्यांनी मुकाट्याने कपाटात सारला. मग तीन दिवस मला हळुवार पुसले. ती मुलगी माझ्यात होती याचा तेवढाच पुरावा होता, तोही गेला.

काल ती पुन्हा आली. फलकावर अजून 'अज्ञात' होते आणि माझा खांदा पांढराशुभ्र होता. फलक वाचून ती माझ्याकडे वळली. मला ज्या पुतळ्यावर चढवले आहे, त्याच्या खांद्यापाशी तिची नजर अडकली.

"तारेखाली काय घातलंय?"

"कापूस, आजी," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "जुनं कापड आहे ना, तार घासून विरलं असतं. जपावं लागतं."

खांद्यापासून मनगटापर्यंत ती रेघ म्हातारीने सावकाश पाहिली.

"फुगली नाही की," ती म्हणाली आणि भाचीचा हात धरून निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी तुम्हांला सांगणार होतो. माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत, तुम्ही नाही घेतलीत तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, चित्रे काढाल, पोशाख बेताल. शेजारी एखादी मुलगी उभी असेल आणि कुणी न विचारताच ती म्हणेल, "चालेल मला." तिचे ऐकू नका. कापूस घाला. रेघ फुगत नाही.