काचेखालचं जीवविज्ञान उद्यान

मी एक जुनं मॉडेल आहे. मित्रांनो, मॉडेल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल ते पुसून टाका. मी प्लायवूडच्या पाटावर उभं केलेलं जीवविज्ञान उद्यान आहे. म्हणजे औषधं, लसी, जखमेवरच्या पट्ट्या असं सगळं जिथे शोधायचं आणि बनवायचं, अशा कारखान्यांची वसाहत. ती उभी राहीपर्यंत लोकांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून मला केलं. लोक मला बघत राहिले आणि वसाहत राहून गेली.

घाटकोपरच्या प्रीतम नावाच्या कारागिराने मला घडवलं. स्पंजची झाडं, ॲक्रिलिकच्या प्रयोगशाळा आणि मधोमध निळं तळं. तळं नकाशात नव्हतं, पण प्रीतमकडे निळा रंग उरला होता. पुढे प्रत्येक भाषणात त्या तळ्याचंच कौतुक झालं. धूळ बसू नये म्हणून माझ्यावर काचेची मोठी पेटी आली आणि मी अंधेरीच्या एका सरकारी विकास कार्यालयात नोकरीला लागलो.

सुरुवातीचे दिवस बरे होते. पाहुणे यायचे, ओणवे व्हायचे, ‘एकदम सिंगापूर’ म्हणायचे आणि जेवायला जायचे. दरम्यान खऱ्या जागेवर भरतीचं पाणी शिरणारं खाजण निघालं. मग कुणाची तरी हरकत निघाली. मग जागाच बदलली. पण मुहूर्त काढून झालेला होता, तो वाया कसा घालवणार? म्हणून भूमिपूजन माझंच झालं, हॉटेलच्या एसी हॉलमध्ये, काचेची पेटी उचलून ठेवून. नारळ माझ्यावर फोडता येईना, म्हणून शेजारच्या पायरीवर फोडला. पाणी उडून माझ्या पार्किंगमध्ये साचलं. ‘शुभ आहे’ असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. त्यानंतर जागा बदलली की माझं भूमिपूजन, असा रिवाजच पडला. फटींत राहिलेल्या अक्षतांना पुढे टोके, म्हणजे तांदळातले किडे झाले. जीवविज्ञान उद्यानातले पहिले जीव ते.

मग भूखंडवाटप झालं. ज्या कंपनीला जागा मंजूर, तिच्या नावाचा टाचणीएवढा झेंडा माझ्यात खोचायचा. झेंडे भराभर लागले आणि मी कागदोपत्री गच्च भरलो.

त्यातला एक झेंडा दिपाली आणि वेन यांचा होता. दिपाली पवईला शिकलेली, वेन सांताक्रूझच्या एका गावठाणातला, यंत्रांची जोडतोड करणारा. दोघांनी कोलंबीच्या सालांपासून जखमेवर लावायची पातळ पट्टी बनवली होती, रक्त लवकर थांबवणारी. सालं तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये मुरवायचं काम एका कॉलेजात व्हायचं, बाकी सगळं मालाडच्या एका गाळ्यात. सालं खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या अंजनाबाई आणून द्यायच्या. एका रुग्णालयाने नमुने मागवले, पण त्यांत शेजारच्या फर्निचरवाल्याचा भुसा सापडला. पुन्हा पाठवा, पण स्वच्छ, आणि ही शेवटची संधी, असा निरोप आला. त्याच सुमारास शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली आणि मालकाने महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितलं. जागा गेली की पट्टी गेली. तेव्हा दोघांना माझ्यातला झेंडा आठवला.

ते आले तेव्हा अंजनाबाईही सोबत होत्या. पुढच्या महिन्यापासून सालांची पाटी कुठे आणायची, ते त्यांना बघून ठेवायचं होतं. माझी देखभाल मितेश नावाचा तरुण करायचा. भला माणूस होता. माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसायचा. त्याने उत्साहाने दिवे लावले. निम्मे लागले.

दिपालीने बराच वेळ मला न्याहाळलं. मग तिने विचारलं, “सांडपाणी कुठून जातं?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मितेशने माझ्या चारी बाजूंनी फेरी मारली. मलाही ऐकायचं होतं.

“ते दुसऱ्या टप्प्यात आहे, मॅडम.”

“आणि पहिला टप्पा?”

“त्याचं भूमिपूजन झालंय.”

मग त्यानेच पडेल आवाजात सांगितलं, की जागा अजून ठरायची आहे. पुढच्या आठवड्यात माझ्याऐवजी एक चष्मा येणार होता. डोळ्यांना लावला की उद्यानात फिरता येतं.

“आणि काम करता येतं काय रे?” वेनने विचारलं.

“काम नाही. फिरता येतं.”

अंजनाबाई पुढे आल्या. “मंग माजी पाटी कुठं उतरवू?” त्यांनी विचारलं. मितेशने अगदी मनापासून त्यांच्या झेंड्याच्या टाचणीसमोर काचेवर बोट ठेवलं. अंजनाबाईंनी टाचणीकडे पाहिलं, मितेशकडे पाहिलं आणि दिपालीचा दंड धरला.

“पोरी, माज्या जाल्यांच्या खोलीत ये. बोट इकली तवापासून रिकामी हाय. आमच्याकडं वासाची तक्रार कोन करनार? एक दिस वास नाय आला, तर शेजारीन इचारते, घरात कोन आजारी हाय काय.”

दिपालीला हसू आलं आणि लगेच गेलं. खोली तिने पाहिलेली होती. ठीक होती, पण भिंतीचा चुना झडायचा आणि दारात सुकट वाळायची. एक कण पडला तरी रुग्णालयाचं दार कायमचं बंद होणार होतं. वेन मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. तो काच बघत होता.

त्याने पेटी मागितली. मितेश म्हणाला, पेटी आणि मॉडेल वेगळं करता येत नाही, सरकारी दृष्टीने आम्ही एकच आहोत. पण दोन्ही भंगारात जायचंच आहे, वरच्यांना विचारतो. वरच्यांनी जागा मोकळी होतेय म्हटल्यावर आनंदाने मान हलवली. टेम्पोत चढवताना माझा एक कोपरा मितेशनेच धरला होता. “चला, माझ्या हातून एक तरी कंपनी मार्गी लागली,” तो म्हणाला.

खारदांड्याला वेनने माझी समोरची काच काढून तिथे जाड पारदर्शक प्लास्टिक बसवलं. त्याला दोन भोकं पाडून लांब हातमोजे लावले. आता हात आत जात, धूळ जात नसे. पण पट्ट्यांचा ट्रे मावेना.

“मधलं मोठं काय आहे?” दिपालीने विचारलं.

“परिषद भवन.”

“काढ.”

मग पाहुण्यांचं हॉटेल गेलं, फूड कोर्ट गेलं, संचालकांचा बंगला गेला. शेवटी एका इमारतीवर वेनचा हात थबकला. “यार, ही प्रयोगशाळा आहे.”

“मध्ये येतेय. काढ.”

मित्रांनो, दुखलं नाही असं म्हणणार नाही. पण इतकी भूमिपूजनं सोसल्यावर माणूसही फारसा ओरडत नाही, मी तर प्लायवूड.

नवे नमुने रुग्णालयात गेले.  मग एका दुपारी दिपालीने फोनवरचा निरोप वाचला आणि जमिनीवर बसली. पट्ट्या स्वच्छ निघाल्या होत्या, आणखी पाठवा म्हणाले होते. वेनने तिला पाणी दिलं. अंजनाबाईंनी फक्त विचारलं, उद्या दोन पाट्या आणू काय?

आता माझ्यावर एकही इमारत उरलेली नाही. बघायला कुणी येत नाही. कामाचा मात्र अजून खोळंबा होतो. वीज जाते, पाणी सकाळीच येतं, ट्रे लहान पडतो. दोघं थकतात, मीही थकतो.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन असं उद्यान उभारेल. जरूर उभारा. पण आधी नळ द्या, सांडपाण्याची सोय करा आणि जे आज कुठेतरी कोपऱ्यात काम करतायत त्यांना एक स्वच्छ टेबल द्या. कमान मागाहून लावा. माझ्यासारख्यांच्या काचा पुसायला माणसं नेहमी मिळतात. ज्यांच्या कामावर धूळ बसता कामा नये, त्यांच्याकडे आधी बघा.

आता मला जरा गप्प बसू द्या. आत पट्ट्या वाळतायत.