मेंदूची शुक्रवारची सफाई

विनिताला अपस्माराचे झटके येत. राहनाळच्या गोदामात माल-नोंदणीची नोकरी ठरली होती. पण दोन महिन्यांनी हजर होताना डॉक्टरांचा दाखला हवा होता. गोळ्यांनी झटके थांबले होते. तेवढ्यात तिचे वडील बाळाराम यांनी उपचारात लक्ष घातले.

बाळाराम यांनी यंत्रमागांच्या भिवंडीत सव्वीस वर्षे सायझिंगचे काम सांभाळले. सुताला खळ चढवायची आणि शुक्रवारी लूम बंद असताना खळीची टाकी व पाइप धुऊन काढायचे, नाहीतर तळाशी गाळ बसतो. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई एमआरआय दाखवताना सहज म्हणाल्या होत्या, की मेंदूभोवतीचे पाणी नाडीबरोबर, श्वासाबरोबर हलते. बाळाराम यांना तेवढे पुरले. पाणी फिरते तिथे गाळ बसणार, आणि गाळ गोळ्यांचाच असणार. त्यांनी गोळ्यांची पट्टी आपल्या खिशात ठेवली, शुक्रवारची गोळी बंद केली आणि त्या दिवशी बारा पेले कोमट पाणी सुरू केले. स्पिरिट लेव्हल लावून विनिताच्या खाटेला उतारही दिला.

"पोर रोज घसरून पायथ्याशी येते," त्यांच्या पत्नी जानकीबाई म्हणाल्या. "उतार जास्त हाय."

"निचरा होतोय," बाळाराम म्हणाले.

झटके परत आले. बाळाराम यांनी आलेखकागदावर तारीखवार नोंद केली आणि दाखल्यासाठी जाताना तो सोबत नेला.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "पाचही झटके शनिवारी. शुक्रवारी काय करता, काका?"

बाळाराम यांनी एकही पायरी न गाळता सांगितले.

"त्या पाण्याच्या हालचालीचा झटक्यांशी संबंध असेलही. शास्त्रज्ञ अजून तपासताहेत, मलाही ठाऊक नाही. गोळी चुकली की झटका येऊ शकतो, हे ठाऊक आहे. तेच तुम्ही सुबक अक्षरात सिद्ध केलंत."

"मग गोळ्यांचा गाळ जातो कुठे?"

"लघवीवाटे."

बाळाराम यांनी हे टिपून घेतले नाही.

"आणि दाखला?" विनिताने विचारले.

"आजपासून सहा महिने झटका आला नाही, तर."

जिन्यात बाळाराम यांनी आलेखकागदाची घडी घातली. मग म्हणाले, "गोदामवाल्यांशी मी बोलतो. आणि सहा महिन्यांचा तक्ता आखून ठेवतो."

"बोलू नका, बाबा. तक्ता आखा."

तिने त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढून घेतली.