अडीच ग्रॅमची तूट

दोन्ही पारडी रिकामी असली तरी माझा काटा शून्यावर थांबत नाही. शून्याच्या डावीकडे बरोबर अर्धे घर जाऊन तो थांबतो. उजव्या पारड्याच्या खाचेत मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असा कुंकवाचा कण वाळून बसला आहे. त्याचे हे ओझे मी सात वर्षे वागवतो आहे.

मित्रांनो, मी केडगावच्या हायस्कुलातला जुना तराजू आहे. वाण्याच्या दुकानात असतो तसला नव्हे. मी काचेच्या पेटीत राहतो. माझी दांडी अकीक दगडाच्या बारीक धारेवर टेकते आणि माझी वजने बोटांनी नव्हे, चिमट्याने उचलावी लागतात.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षी मी भुशात गुंडाळून आगबोटीने, मग रेल्वेने आणि नगर स्टेशनापासून बैलगाडीने इथे आलो. गावातले किराणा दुकानदार राधाकृष्णशेट यांनी मला शाळेला दिले. माझ्या बैठकीवरच्या पट्टीवर त्यांचे नाव कोरलेले आहे. तेव्हा माझे कोण कौतुक! सुप्याकडून घोडेगावच्या बाजाराला जनावरे घेऊन निघालेले शेतकरी रस्त्यात थांबून खिडकीतून मला पाहत.

"केसाचं बी वजन करतोय म्हनं!" एक म्हणे.

"मंग आमच्या पाटलाच्या अकलेचं करा की. त्याला असलाच लागंल."

गावात कसलाही वाद निघाला की लोक म्हणत, "हायस्कुलात इचारा." शेताची मोजणी असो की सरकारी कागद, शाळेने सांगितले ते खरे, असा गावाचा विश्वास होता. त्या विश्वासात माझाही वाटा होता असे मला वाटे.

मग लढाई सुरू झाली आणि परदेशी सामान येईनासे झाले. "हा मोडला तर दुसरा मिळायचा नाही," असे म्हणून हेडमास्तर दत्तोपंतांनी माझ्या पेटीला कुलूप लावले. शास्त्र तेच शिकवत. मी चार हातांच्या अंतरावर उभा असताना मुले फळ्यावरच्या खडूच्या चित्रावरून मला शिकू लागली. वर्षातून एकदा, दसऱ्याला, सहादेव शिपाई पेटी उघडी आणि भक्तिभावाने माझ्या उजव्या पारड्याला कुंकू लावी. पहिल्याच दसऱ्याचे कुंकू खाचेत घट्ट बसले. काटा शून्यावर आणणारा जुळवणीचा स्क्रू पुढे न वापरून गंजला.

साखर रेशनवर आली तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेला लहानसे वसतिगृह होते. त्याची दोन शेर साखर दर सोमवारी कडूबाई राधाकृष्णशेटांच्या दुकानातून आणी. कडूबाई म्हणजे शाळेत पाणी भरणारी बाई. वसतिगृहाच्या नव्या काट्यावर सहादेव ती साखर पुन्हा तोली आणि दर सोमवारी ती तीन-साडेतीन तोळे कमी भरे.

"काय कडूबाई," माझ्या खोलीत माठ भरताना सहादेवाने एकदा तिला टोचले, "नाव कडू आन् तोंड गोड?"

"गोड आसतं तर तुझ्यासंगं बोलून नासवलं आसतं का?" ती म्हणाली. पण त्या दिवशी माठाबाहेर पाणी सांडले. तिचा हात असा कधी चुकत नसे.

दत्तोपंत एकटे असताना ती आली. पेटीजवळ उभी राहून म्हणाली, "मास्तर, शेट मान्सं फसवणारा न्हाई. म्या बी चोर न्हाई. मंग साखर जाती कुठं? ह्यो काचेतला खोटं बोलत न्हाई म्हनत्यात. त्याला इचारा की."

शेट साखर नेहमी अदपावाच्या पितळी वजनानेच मोजून देत. दत्तोपंतांनी ते मागितले आणि शेटांनी हसत पाठवून दिले. त्या दुपारी, शाळा सुटल्यावर, कित्येक वर्षांनी माझी पेटी कामासाठी उघडली गेली. अदपाव म्हणजे दहा तोळे, एकशे सोळा ग्रॅम आणि वर सहा दशांश. भरले एकशे चौदाच्या जेमतेम वर. माझ्या अर्ध्या घराचा दोष दत्तोपंतांना ठाऊक होता. म्हणून त्यांनी अदपाव दुसऱ्या पारड्यात ठेवून पुन्हा तोलले आणि दोन्ही आकड्यांची सरासरी काढली. तूट अडीच ग्रॅम. दोन शेरांना सोळा अदपाव लागतात. सोळा वेळा अडीच म्हणजे चाळीस ग्रॅम, जवळजवळ साडेतीन तोळे. दत्तोपंतांनी तो आकडा पेन्सिलीने वहीत लिहिला आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी शेट वजन न्यायला आले. दत्तोपंतांनी विचारले, "यावरचा सरकारी शिक्का कुठे गेला हो?"

"झिजला असेल. दर अमावास्येला चिंच आणि विटेची भुकटी लावून घासतो ना! आजोबांपासूनची रीत आहे, मास्तर. लक्ष्मीचं वजन काळं ठेवू नये." शेटांनी ते धोतराच्या सोग्याने पुसले. "का? बरोबर आहे ना?"

"पाहू," दत्तोपंत म्हणाले.

तो शब्द मी पुढे दीड वर्ष ऐकला. पाणी भरायला आली की कडूबाई विचारी, "मास्तर, काय म्हनला काटा?" आणि दत्तोपंत खिडकीबाहेर बघत म्हणत, "पाहू, कडूबाई." खिडकीबाहेर मॅट्रिकच्या वर्गाच्या दोन नव्या खोल्या बांधायचे काम चालले होते. त्या शेट बांधून देत होते. आधी दत्तोपंतांनी ठरवले, जोते होऊ दे, मग सांगू. मग परीक्षा होऊ दे. मग छप्पर चढू दे. लबाड माणसाचे माप पकडणे एक वेळ सोपे असते. पण ज्याने भक्तीने घासून घासून आपले वजन झिजवले, त्या भल्या माणसाला चारचौघांत कसे सांगायचे? मला ते कळत होते. पण कडूबाईची पाठ दर महिन्याला थोडी अधिक वाकत होती, तेही मी पाहत होतो.

खरे सांगू, मित्रांनो? मी त्या दीड वर्षात जितका थकलो, तितका कुलपातल्या वर्षांत थकलो नव्हतो. मला कुंकू लावू नका, हार घालू नका. मऊ फडक्याने पुसा आणि रोज वापरा. आणि मी दाखवलेला आकडा वहीत मिटून ठेवू नका. मला तोलता येते, बोलता येत नाही. ते काम तुमचे आहे.

मागच्या शनिवारी शाळेच्या मंडळाची बैठक माझ्याच खोलीत भरली, कारण खुर्च्या इथेच आहेत. विषय एकच होता, कडूबाई. ती दाराशी उभी होती. बाहेर नव्या खोल्यांच्या भिंती उभ्या होत्या, पण छपराचे पत्रे अजून यायचे होते.

"गरीब बाई आहे," शेट हळू आवाजात म्हणाले. "फौजदार वगैरे नको. कामावरून कमी करा, म्हणजे झालं."

"काढा," कडूबाई म्हणाली. "पन चोर म्हनून काढू नका. पुढल्या साली माझी नात ह्याच शाळंत यायची हाय. तिला पोरं काय म्हनतील?"

सहादेव जमिनीकडे पाहू लागला. मंडळाच्या चिटणिसांनी ठराव लिहायला टाक उचलला आणि विचारले, "मग लिहू का, हेडमास्तर?"

दत्तोपंत उठले. ते "पाहू" म्हणतील असेच मला वाटले. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"लिहू नका. शेट, तुमचं अदपावाचं वजन झिजून अडीच ग्रॅम कमी झालं आहे. कडूबाईंनी साखर घेतलेली नाही. मला हे दीड वर्ष ठाऊक आहे."