नववा प्रश्न

मित्रांनो, परीक्षेला पेपरखाली धरता ना, तसलाच मी एक जुना पॅड आहे. कारखान्यात मला लोखंडी चाप बसवला, तेव्हा वाटले होते, आपण शाळेत जाणार. पण माझी रवानगी झाली इस्पितळातल्या संशोधनाच्या खोलीत. तिथे मन खचलेल्या माणसांना नऊ प्रश्न विचारत आणि उत्तरांचा कागद माझ्या छातीवर असे. झोप लागते का, जेवण जाते का, असे करत करत नववा प्रश्न येई : मरून जावेसे वाटते का?

मला सांभाळणारी ताई स्वभावाने फार गोड. पण नवव्या प्रश्नाशी तिची जीभ अडखळे. विचारले तर नसते ते समोरच्याच्या डोक्यात भरेल, अशी तिला धास्ती. मग ती न विचारताच 'नाही'वर खूण करी. तिच्या अंगठ्याचा घाम मला जाणवे. पण मी पडलो पॅड, बोलणार काय कपाळ!

एके दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद चाळले.

"एकेचाळीस माणसं आणि सगळ्यांचं 'नाही'? खरंच विचारलंस का गं?"

ताईला रडू कोसळले. "नाही हो मॅडम. धीरच झाला नाही."

"विचारल्यानं कोणी मरत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. चुकलंय ना? मग आता निस्तरायचं."

ताईने डोळे पुसले, मला काखोटीला मारले आणि एकेचाळीस जणांना पुन्हा भेटायचा चंग बांधला. सातवा होता शिंपीदादा, दुकानात कपडे शिवत बसलेला. मागच्या वेळी त्याने थट्टा करून आम्हाला हसवले होते. त्याला पाहून माझ्याही मनात आले, याला कशाला विचारायचे?

ताईने मात्र विचारले. शिलाई मशीन थांबले. त्याने सुईखालचे कापड बाजूला सारले.

"रोज वाटतं," तो म्हणाला. "पण ताई, कोणी विचारलंच नव्हतं."

ताई त्याच्याजवळ बसून राहिली. तिने त्याच्या बायकोला बोलावून घेतले आणि त्याच दिवशी दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेले. उपचार लांबले, मध्ये एकदा तो पुन्हा खचला, पण कोणी हात सोडला नाही.

आज माझा चाप ढिला झाला आहे, कडा झिजल्या आहेत. शिंपीदादाने मला निळी पिशवी शिवली आहे. तपासणीला आला की तो स्वतःच म्हणतो, "ताई, आधी नववा विचारा."

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. पण आपले माणूस गप्प गप्प झाले, किंवा फारच हसू लागले, तर त्याचे उत्तर तुम्हीच लिहून टाकू नका. विचारा, आणि लगेच मोठ्या माणसाला सांगा. आणि तुम्हालाच तसे वाटले, तर कोणी विचारायची वाट पाहू नका.