त्या ओळीतलं बाळ

मेणाची पाटी म्हटल्यावर तुम्हाला हसू येईल, मित्रांनो. मेणाची बाहुली असते, मेणबत्ती असते, पाटी कसली? पण मी तीच आहे. जुनी आहे, एका कोपऱ्यात तडकलेली आहे, आणि आता माझ्यावर कोणी काही लिहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच दोन शब्द बोलावेत.

माझा जन्म अलेक्झांड्रियाचा. कालव्याकाठच्या एका सुताराने उंबराच्या लाकडाच्या दोन फळ्या तासल्या, मधला भाग खोलगट कोरला आणि कडा तेवढ्या उंच ठेवल्या. त्या खळग्यात त्याने काजळी मिसळलेलं काळं मेण गरम गरम ओतलं. फार भाजलं तेव्हा. मग कडेला भोकं पाडून चामड्याची वादी ओवली आणि मी पुस्तकासारखी मिटू लागले. माझ्यावर लिहायचं ते लोखंडी काडीने. तिचं एक टोक अणकुचीदार, लिहायला. दुसरं चपटं, पुसायला. माझ्यावर घाईघाईने टिपून घ्यायचं, ते पपायरसच्या कागदावर सुवाच्य उतरवायचं आणि चपट्या टोकाने मेण सारखं करून टाकायचं. आठवण ठेवणं हे आमच्या जातीचं कामच नव्हे. मला ती खोड कशी लागली, तेच सांगायचं आहे.

मला विकत घेतलं कोप्रियाने. आमच्या शहरात हे नाव ऐकल्यावर पुढची चौकशी कोणी करत नाही. वस्तीबाहेर राख, फुटकी मडकी, माशांचे काटे टाकायचा उकिरडा असतो. घरात नको झालेलं तान्हं मूलही लोक तिथेच ठेवून येतात. कोणी उचललं तर ते जगतं, आणि त्याचं नावच मग उकिरड्यावरून पडतं. कोप्रियाला एका विधवा कुंभारणीने उचललं होतं. "एवढ्या खापरांत एकच धड मडकं सापडलं मला," असं ती म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिनेच पोटाला चिमटा घेऊन पोरीला अक्षर शिकवलं. पोर हुशार निघाली. बोलणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत तिचं लिहून होई, आणि म्हणून तिला अनुबियोन गुरुजींकडे लेखनिकेचं काम मिळालं.

गुरुजी ख्रिस्ती मंडळींचे मोठे विद्वान. अंगावर एकच झगा, जेवायला मसुराची आमटी आणि जवाची भाकरी, झोपायला चटई. पण धर्मग्रंथ उघडला की हा माणूस राजा व्हायचा. ते म्हणायचे, माणसाला जसा देह असतो, मन असतं आणि आत्मा असतो, तसाच ग्रंथातल्या प्रत्येक ओळीलाही असतो. देह म्हणजे घडलेली हकिगत, ती कोणालाही दिसते. मन म्हणजे आपण कसं वागावं याची शिकवण. आत्मा म्हणजे देवाने आत लपवलेली खूण, ती शोधावी लागते. आणि एखाद्या ओळीचा देहच कुरूप दिसला, देवाला न शोभणारा वाटला, तर घाबरायचं नाही. देवाने तिथे मुद्दाम दगड ठेवलेला असतो. ठेच लागल्याशिवाय माणूस खाली वाकून बघतो कुठे?

हे ऐकायला बंदरावरचे हमाल यायचे, श्रीमंतांच्या बायका यायच्या, वाद घालायला तत्त्वज्ञही यायचे. एकदा गुरुजी नदीत पडलेल्या आणि संदेष्ट्याने तरंगवलेल्या कुऱ्हाडीवर सकाळपासून बोलत होते. लोखंड म्हणजे पाप, नदी म्हणजे जग, लाकूड म्हणजे क्रूस. ऊन माथ्यावर आलं तसा आमचा थोरला लेखनिक युफ्रास हळूच म्हणाला, "गुरुजी, ते सगळं झालं. पण ज्या गरिबाची कुऱ्हाड बुडाली, त्याचं काय?" सगळे खो खो हसले. गुरुजीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला त्या दिवसांची आठवण आली की अजून बरं वाटतं.

युफ्रास हाताखालच्यांना फार कडक. लेखनिक ओळीने बसत. एकाची पाटी भरत आली की तो शेजारच्याला कोपर लावी आणि तो पुढचं वाक्य उचली. आपली पाळी असेपर्यंत डोकं वर करायचं नाही, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. "मान वर केली की वाक्य गेलं," युफ्रास दरडावायचा. "गुरुजींचं एक वाक्य सांडलं तर ते भरून द्यायला तुझा बाप येणार आहे का?" कोप्रिया हसून म्हणायची, "कोणता बाप, काका? सापडला तर मलाही सांगा."

मग तो दिवस आला. उन्हाळा होता आणि माझं मेण मऊ झालं होतं. गुरुजी त्या दिवशी बंदिवानांच्या गाण्यावर बोलत होते. शत्रूने ज्यांचं शहर जाळलं, ज्यांना परमुलखात ओढून नेलं, ते लोक नदीकाठी बसून रडतात. आणि रडता रडता शेवटी शत्रूला शाप देतात, की तुमची तान्ही मुलं जो कोणी उचलून खडकावर आपटील तो धन्य. ही ओळ गुरुजींनी मोठ्याने वाचली. पाळी कोप्रियाची होती.

मागे, खांबाजवळून एका बाईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"गुरुजी, हे खरंच आपल्या ग्रंथात आहे? बाळाला मारणाऱ्याला धन्य म्हटलंय?"

गुरुजींचा चेहरा उजळला. असा प्रश्न म्हणजे त्यांना मेजवानीच. "बाई, तू अगदी नेमक्या दगडाला ठेचाळलीस! हा झाला ओळीचा देह. त्याला भिऊ नकोस. आत ये. शत्रू कोण? आपल्यातलं पाप. त्याची तान्ही मुलं कोण? आपल्या मनात नुकते जन्मलेले वाईट विचार. ते मोठे झाले की आवरत नाहीत. म्हणून लहान असतानाच खडकावर आपटायचे. आणि खडक म्हणजे ख्रिस्त."

सभागृहातून 'वा' असा आवाज उठला.

"म्हणजे त्या ओळीत बाळ नाहीच?" बाईने विचारलं.

"नाहीच. एकही नाही."

"आणि खरोखरचं असलं तर? एखाद्याच्या घरात?"

"अगं, आपण प्रत्येक जण ते घर आहोत!" गुरुजी म्हणाले, आणि पुढे असं काही बोलत गेले की बंदरावरचे हमालसुद्धा डोळे पुसू लागले. इतकं सुंदर ते कधीच बोलले नव्हते. मला विचाराल तर पुन्हा कधी बोललेही नाहीत.

कोप्रियाची काडी माझ्यावर धावत होती. 'एखाद्याच्या घरात' हे शब्द तिने ऐकले होते. एकदाच, अर्ध्या क्षणापुरती, तिने मान वर केली. बाईच्या छातीवर ओढणी ओली होती. ज्या बाईला पान्हा फुटलाय, तिचं बाळ कुठे आहे? हे तिच्या मनात आलं न आलं तोच युफ्रास खाकरला. कोप्रियाने मान खाली घातली. पाटी भरली, तिने शेजारच्याला कोपर लावलं आणि उठून खांबाकडे धावली. तिथे कोणी नव्हतं.

तिने मला कमरेला खोचलं आणि ती गल्ल्या पालथ्या घालत हिंडली. नाव माहीत नाही, घर माहीत नाही. विचारायचं तरी काय? "ओल्या ओढणीची बाई पाहिलीत का?" म्हटल्यावर लोक तिलाच वेड्यात काढत होते. दिवेलागणीला ती परतली तेव्हा युफ्रासने माझ्यावरचा मजकूर उतरवून घेतला. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. फटफटायच्या आत ती एकेक उकिरडा धुंडाळत निघाली आणि परिटांच्या आळीमागच्या उकिरड्यावर पोहोचली.

ती बाई तिथेच बसली होती. मांडीवर एक रिकामं फडकं होतं. नाव तिचं सेनामून. होरिओन परटाची बायको.

"संध्याकाळी आमच्या ह्यांनी पोरीला इथे टाकलं," ती म्हणाली. "मला राहवेना. ते झोपले तशी मी इथे आले. फडकं आहे. ती नाही."

"कोणी उचललं असेल," कोप्रिया म्हणाली. "मलाही उचललं होतं. मी बघ, जिवंत आहे."

"कुत्रीही असतात इथे."

कोप्रिया तिच्याशेजारी टेकली. दोघी राखेत बसून राहिल्या. मग सेनामून आपणहून सांगू लागली. घरात आधीच मुली होत्या. होरिओन म्हणाला, आणखी एक नको. पण त्याचं मन ख्रिस्ती मंडळींकडे ओढलं होतं, बाप्तिस्मा घ्यायचं म्हणत होता. तो म्हणाला होता, जा, तुझ्या गुरुजींना विचारून ये. ते टाकू नका म्हणाले तर घरात ठेवू.

"मग तू घरी जाऊन काय सांगितलंस?"

"जे ऐकलं तेच. गुरुजी म्हणाले, त्या ओळीत बाळ नाहीच." ती फडक्याची घडी घालत होती, मोडत होती. "आमचे हे म्हणाले, म्हणजे टाकू नका असं काही गुरुजी म्हणाले नाहीत ना? मी म्हटलं, नाही. तसं काही म्हणाले नाहीत."

"आम्हाला तिथेच का नाही सांगितलंस, बाई?"

"एवढ्या लोकांत? लाज वाटली गं. वाटलं, एवढे ज्ञानी आहेत, त्यांना कळेलच."

"नाव काय ठेवलं होतं?"

"नाव ठेवलं असतं तर टाकवलं असतं का?"

मित्रांनो, मी लाकडाची. मला रडता येत नाही. त्या सकाळी ते फार जड गेलं.

कोप्रियाने गुरुजींना सगळं सांगितलं. ते भाकरीचा तुकडा मोडत होते, तो तसाच हातात राहिला. ते म्हणाले, "ती कुठे बसली होती?"

"खांबाजवळ."

"मी तिच्याकडे बघत होतो का?"

"तुम्ही वर बघत होता, गुरुजी. मी पाटीकडे."

ते उठले आणि अनवाणीच उकिरड्यावर गेले. तो म्हातारा माणूस ऊन चढेपर्यंत राखेत, खापरांत हाताने उकरत होता. बोटं फाटली. बघायला पोरंटोरं जमली, कोणीतरी हसलंही. काही सापडलं नाही. सेनामून लांब उभी राहून बघत होती. त्यांनी तिच्यासमोर नुसते हात जोडले. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस तो.

परत आल्यावर म्हणाले, "पोरी, कालचं सगळं पूस."

पण युफ्रास चोख माणूस. त्याने रातोरात सुवाच्य प्रत करून घेतली होती, आणि ती समुद्रापलीकडे अंत्युखिया शहराला निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या हाती दिलीही होती. जहाज पहाटेच सुटलं होतं. "गुरुजी, इतकं सुंदर प्रवचन पुसायचं म्हणता?" तो कळवळून म्हणाला. त्याला मी दोष देत नाही. ते सुंदर होतंच.

कोप्रियाने माझं मेण सारखं केलं. गुरुजी म्हणाले, "लिही. त्याच ओळीवर. या खेपेला देहापासून सुरुवात करू." मग ते म्हणाले, "इथे एक बाळ आहे."

कोप्रियाने लिहिलं आणि काडी धरून वाट बघितली. पुढचं वाक्य आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. त्यानंतर गुरुजी इतर ओळींवर बोलले. प्रश्न विचारणाऱ्याला आधी जवळ बोलावून घ्यायचे, कुठून आलास, घरी कोण आहे, असं विचारायचे. पण त्या ओळीपाशी आले की थांबायचे. पुढे बादशहाचा हुकूम सुटला, ख्रिस्ती मंडळींची धरपकड झाली. गुरुजींना तुरुंगात घातलं, पाय खोड्यात अडकवले. सुटून आले ते खंगूनच, आणि थोड्याच दिवसांत गेले. वाक्य तिथेच राहिलं. युफ्रास म्हणाला, अर्धवट मजकुराची प्रत करत नाहीत. कोप्रिया म्हणाली, मग मी पुसणारही नाही. तेव्हापासून मी कामातून गेले. नव्या पाट्या आल्या, मी फळीवर धूळ खात पडले.

सेनामून मात्र यायची. त्याच खांबाजवळ बसायची. नवरा सोबत नसायचा.

बऱ्याच वर्षांनी अंत्युखियाहून एक पाहुणे विद्वान आले. म्हणाले, तुमच्या गुरुजींचा एक उतारा आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. आणि त्यांनी तो वाचला. शत्रूची तान्ही मुलं, वाईट विचार, खडक. सगळं जसंच्या तसं. लोक तल्लीन झाले. "वा," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनीच म्हटलं.

"साहेब," खांबाजवळून आवाज आला. आता तो म्हाताऱ्या बाईचा होता. "एवढं जगभर गेलं म्हणता. त्यात माझी मुलगी कुठे आहे?"

पाहुण्यांना काही कळेना. ते कौतुकाने हसले आणि म्हणाले, "आजी, किती खोल प्रश्न विचारलात!" आणि त्यांनी वर बघून उत्तराला सुरुवात केली.

कोप्रिया तेव्हा लेखनिकांची प्रमुख होती. पाळी तिचीच होती. तिने काडी खाली ठेवली. वाक्यं सांडत राहिली, तिने सांडू दिली. ती उठली, फळीवरून मला काढलं, पदराने माझ्यावरची धूळ झटकली आणि मला खांबाजवळ जाऊन सेनामूनच्या मांडीवर ठेवलं.

"मला कुठे वाचता येतं?" सेनामून म्हणाली. "काय लिहिलंय?"

"इथे एक बाळ आहे."

सेनामूनने त्या अक्षरांवर तळवा ठेवला. मग मला उचलून छातीशी धरलं. उन्हाळ्याचे दिवस होते. प्रवचन संपेपर्यंत तिने मला खाली ठेवलं नाही, आणि तिच्या अंगाच्या उबेने माझं मेण हळूहळू मऊ होत गेलं. अक्षरं तिच्या कपड्याला लागली. कोप्रियाला ते दिसत होतं. तिने मला मागून घेतलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी निरोप घ्यावा, अशी रीत आहे. मी तसं सांगणार नाही. तुम्ही शिका, मोठे व्हा, शब्दांच्या तळाशी काय आहे ते जरूर शोधा. ते काम फार गोड आहे, मी जवळून पाहिलं आहे. फक्त कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायच्या आधी एकदा त्याच्याकडे बघा. सेनामून त्या खांबाजवळ आपला प्रश्न घेऊन म्हातारी झाली, आणि एवढ्या सगळ्या विद्वानांत तिला कोणी विचारलं नाही की बाई, तुला काय हवं आहे?