सिंगापूरची केबल

अठ्ठ्याऐंशी साली खालापूरच्या एका कारखान्यात दोन कॉम्प्युटर आले. एकातली माहिती दुसऱ्यात न्यायची कशी, याचा मॅनेजर टिपणीस साहेबांना पत्ता नव्हता. प्रिंटरचीच केबल दोघांना जोडून बसले होते, शहाणे! म्हणजे बोलणार दोघंही आणि ऐकणार कोणीच नाही.

कर्जतला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अब्बासनं तारांची अदलाबदल करून नवी केबल बनवली. याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं याच्या. अकरा तारा लागत होत्या; अकरावी कमी पडली, तेव्हा बापाच्या बंद रेडिओतली, सुती वेष्टणाची तार काढून घातली.

"ठेवून जा, बघतो," टिपणीस म्हणाले. आठवड्यानं वॉचमनकडून निरोप आला: तुझी चालली नाही, सिंगापूरहून मागवतोय. महिनाभर अब्बास स्वतःलाच शिव्या घालत होता.

दिवाळीनंतर त्याला पुन्हा बोलावणं आलं. सिंगापूरची केबल बंद पडली होती. वर चकचकीत इंग्रजी लेबल. अब्बासनं टोकाचं झाकण उघडलं. आत एका तारेचा डाख सुटला होता, आणि ती तार सुती वेष्टणाची होती.

"टिपणिसांनी खास मागवली," मालक कौतुकानं म्हणाले. "नीट बघ. याला म्हणतात काम!"

टिपणीस खिडकीतून माथेरानचा डोंगर बघत होते.

खरं बोलला असता तर साहेबांपुढं त्याचं कोण ऐकणार? चोर अब्बासच ठरला असता. त्यानं डाख दिला, झाकण लावलं.

"खरं हाय मालक. आपल्याकडं असलं काम कोन करतंय?"

आणि सुटत आलेलं लेबल त्यानं स्वतःच्याच अंगठ्यानं दाबून चिकटवलं.