लेखकाचा रकाना

दंतवैद्याकडे दात दाखवायला गेलेला माणूस पुस्तकांविषयी ऐकून परत यायचा. तोंड उघडं, गालात कापूस, ओठाला अडकवलेली नळी. अशा अवस्थेत कुणी ‘आं’ आणि ‘हं’ यापलीकडे काही बोलू शकत नाही, आणि दंतवैद्याला श्रोते असेच लागायचे. “माझ्या लॅपटॉपमध्ये इतकी पुस्तकं आहेत,” दाढ कोरता कोरता तो सांगायचा, “की वाचायला सात जन्म पुरणार नाहीत.” यात खोटं काही नव्हतं. चालू जन्मात तरी त्याने त्यातलं एकही शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

जमवायची मात्र त्याला खोड होती. फुकटचं दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. हक्क संपलेल्या जुन्या कादंबऱ्या, कुठल्याशा ग्रुपवर कुणीतरी ढकललेल्या फायली, परिषदांच्या स्मरणिका, सगळं तो उतरवून घ्यायचा. मेहुणा त्याला ‘ग्रंथकुबेर’ म्हणून चिडवायचा, आणि दंतवैद्य ते नाव पदवीसारखं मिरवायचा. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची. ती एका वेळी एकच पुस्तक आणायची, वाचून संपवायची, परत करायची आणि मग दुसरं आणायची. हे दंतवैद्याला अगदीच हातावर पोट असल्यासारखं वाटायचं.

वसाहतीच्या वाचनालयाने नवे टॅब घेतले त्या सभेत त्याला राहवलं नाही. तो उठला आणि म्हणाला, “माझा सगळा संग्रह मी वाचनालयाला देतो.”

टाळ्या झाल्या. वाचनालयाचे अध्यक्ष हवामान खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांनी आभार मानले आणि वर एक वाक्य टाकलं, “पण डॉक्टर, नीट लावून द्या हं. नाव, लेखक, विषय, सगळं जागच्या जागी.”

“त्यात काय एवढं!” दंतवैद्य म्हणाला.

घरी येऊन त्याने लॅपटॉप उघडला, आणि त्यात काय एवढं ते त्याला दिसलं.

फायलींची नावं ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘शेवटचं’ आणि ‘शेवटचं खरं’ अशी होती. एकाच कादंबरीच्या पाच प्रती होत्या. एकीत शेवटचं प्रकरण गायब, एकीत सगळी पानं उलटी. एका बिचाऱ्या लेखकाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असल्यामुळे त्याचे चार लेखक झाले होते. वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका ‘अध्यात्म’ या फोल्डरमध्ये सुखाने नांदत होती. दंतवैद्याने स्वतः पाडलेले कप्पे तर बघण्यासारखे होते. ‘वाचायची’, त्याच्या आत ‘लवकर वाचायची’, त्याच्या आत ‘नक्की वाचायची’, आणि सगळ्यांच्या पोटात ‘आता खरंच’. तो शेवटचा कप्पा रिकामा होता.

बायको मागे येऊन उभी राहिली. “अहो, आधी नको असलेली काढून टाका ना.”

“पुस्तक नको असं कधी असतं का?”

“मग साफसफाई कशाची करताय?”

त्याने मुलीला फोन लावला. मुलगी परगावी कॉम्प्युटरच्याच कामात होती. तिने त्याला एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितलं आणि म्हणाली, “बाबा, कशालाही हात लावायच्या आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घे. काही बिघडलं तर तीच कामाला येईल. ऐकतोयस ना?”

त्याने ऐकलं. प्रत घेतली. डिस्क लॅपटॉपला तशीच जोडलेली राहिली. मग सॉफ्टवेअरला दुबार पुस्तकं शोधायला सांगितली, तर ते म्हणालं, प्रत्येकच पुस्तक दोनदा आहे. दंतवैद्याने कपाळावर हात मारला, “बघ, केवढा कचरा साठला होता!” आणि एका फटक्यात डिस्कवरची सगळी पुस्तकं उडवली. अर्धा पसारा आवरल्याच्या आनंदात त्याने स्वतः चहा केला आणि बायकोलाही दिला.

आता राहिली लेखक नसलेली पुस्तकं. शेकडो पुस्तकांपुढे तो रकाना कोरा होता. दंतवैद्याने विचार केला, वाचणाऱ्याला कळायला नको का, की हे सगळं आलं कुणाकडून? कोऱ्या रकान्यांइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? त्याने ती सगळी पुस्तकं एकदम निवडली, रकान्यात आपलं संपूर्ण नाव पदवीसकट टाकलं आणि ‘लागू करा’ दाबलं. सॉफ्टवेअरने विचारलं, ‘तुमची खात्री आहे?’ खात्री नसण्याचा प्रसंग दंतवैद्यावर आयुष्यात कधी आलाच नव्हता.

अशा रीतीने वॉशिंग मशीनची पुस्तिका, शेळ्यांच्या आजारांवरचा एक प्रबंध, आगगाड्यांचं कालबाह्य वेळापत्रक आणि ‘सापेक्ष आर्द्रता’ नावाचा एक बारीकसा कवितासंग्रह त्याच्या नावावर जमा झाला.

या कवितासंग्रहाची गोष्ट सांगायला हवी. त्याच्या मुखपृष्ठावर कवीचं नाव ‘निरभ्र’ एवढंच होतं. निरभ्र कोण, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांनी नोकरीत असताना रोज ढगांकडे बघून अंदाज दिले, ते बहुतेक चुकले, आणि उरलेल्या ढगांवर कविता केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी संग्रहाची फाइल तयार केली आणि एका अनोळखी ई-मेल पत्त्यावरून सगळ्या वसाहतीला पाठवली. बेत असा, की लोक विचारतील, हा निरभ्र कोण हो? चर्चा होईल, तर्क लढवले जातील, आणि मग ते हळूच, लाजत, मान खाली घालून कबूल करतील. मान खाली घालायचा सरावही त्यांनी केला होता. पण कुणी विचारलंच नाही. फाइल कुणी उघडलीच नव्हती. दंतवैद्याने मात्र ती जपून ठेवली होती, कारण तो सगळंच जपून ठेवायचा.

वाचनालयाचे टॅब सुरू झाले. एका सकाळी दवाखान्याशेजारचा चष्मेवाला धावत आला.

“डॉक्टर, छुपे रुस्तम निघालात की! निरभ्र म्हणजे तुम्हीच होय?”

“काय?”

“अहो, वाचनालयात तुमच्या नावावर आहे. मी म्हटलं, आपले डॉक्टर काय लिहितात बघू तरी. काय कविता आहेत! ती धुक्याची वाचली आणि चष्मा पुसायला लागला मला. माझा स्वतःचा!”

दंतवैद्याला एका क्षणात सगळं उमगलं. रकाना चुकला होता. ‘नाही हो, माझं नाही ते,’ एवढं बोललं की प्रकरण मिटलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण आजवर त्याची स्तुती करणाऱ्या प्रत्येक माणसाचा जबडा सुन्न केलेला असायचा. शुद्धीवर असलेला, सगळे दात जागेवर असलेला माणूस आपणहून तारीफ करतोय, हा अनुभव त्याला नवा होता. त्याने शब्द गिळले.

“असंच आपलं,” तो म्हणाला. “सुचतं कधीकधी.”

आठवडाभरात सगळ्या वसाहतीला कळलं. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, तिने चार ओळी आरशाला चिकटवल्यात. कुणी शेळ्यांचा प्रबंधही चाळला आणि ‘माणूस किती अंगांनी विचार करतो’ म्हणून तोंडात बोट घातलं. वॉशिंग मशीनची पुस्तिका मात्र लोकांना थोडी रुक्ष वाटली.

“तुम्ही कविता कधी केल्या?” बायकोने विचारलं.

“केल्या असतील. लोक म्हणतायत ना.”

“लोक म्हणतात म्हणून केल्या?” ती त्याच्याकडे बघत राहिली. “निदान वाचून तरी ठेवा. कुणी विचारलं तर?”

ते त्याला पटलं. वाचायचं त्याने ठरवलंही, आणि ठरवल्यावर काम निम्मं झालं असं समजून तो दवाखान्यात गेला.

इकडे अध्यक्षांच्या घरी काय झालं ते नंतर सगळ्यांना कळलं. जेवताना त्यांची बायको टॅब समोर धरून म्हणाली, “डॉक्टर किती सुंदर लिहितात हो! नाही तर तुम्ही. जन्मभर आकाशाकडे बघितलंत, पण एक शब्द सुचला का कधी?” अध्यक्षांनी टॅबकडे पाहिलं आणि हातातला घास ताटात परत ठेवला.

ते तोंड उघडणार तेवढ्यात दुसरंच संकट आलं. ग्रंथपाल बाईंनी दंतवैद्याचा सत्कार ठरवला, अध्यक्षस्थानी अर्थातच अध्यक्ष, आणि कवीचा परिचय करून द्यायचा तोही त्यांनीच.

सभागृह भरलं. दंतवैद्य नवा कोट घालून बसला होता. अध्यक्ष उठले. सुरुवात केली, “आपले डॉक्टर…” आणि तिथेच थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

“निरभ्र मी आहे!” ते एकदम ओरडले.

मग मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. चष्मेवाला शेजारच्याच्या कानात म्हणाला, “जळतात हो. वय झालं.” अध्यक्षांच्या बायकोने पदराने तोंड झाकलं. “अहो, बसा खाली. सगळे बघतायत.”

दंतवैद्याला त्या क्षणी अध्यक्षांची खरोखर कीव आली. म्हणजे, कीव आली आणि घामही फुटला. आधी काय आलं ते सांगणं कठीण. तो उठून म्हणाला, “साहेब खरं बोलतायत. ते पुस्तक माझं नाही.”

सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

“बघा, केवढा विनय!” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “मोठ्या माणसाची अब्रू राखायला स्वतःचं पुस्तक सोडायला निघाले.”

“अहो, खरंच नाही!”

टाळ्या आणखी वाढल्या. आयुष्यभर फुशारक्या मारल्या तेव्हा लोकांनी त्याच्यावर कधी पुरता विश्वास ठेवला नव्हता, आणि आज एकदाच खरं बोलला तर कुणी ऐकायला तयार नव्हतं.

शेवटी त्याची बायको उठली. गणिताच्या तासाला उभी राहावी तशी. “सोपं आहे,” ती म्हणाली. “दोघांना एकच प्रश्न विचारा. डॉक्टर, तुमची आवडती कविता कोणती?”

दंतवैद्याने तिच्याकडे असं पाहिलं, की तसं शाळेतली कच्ची पोरंही बघत नसतील. “पहिल्या पानावरची,” तो म्हणाला. पहिल्या पानावर काहीतरी असतंच, एवढं त्याला ठाऊक होतं.

“पहिल्या पानावर कविता नाही,” अध्यक्ष म्हणाले. “ती अर्पणपत्रिका आहे. ‘शेजारी बसूनही जिला कधी कळणार नाही, तिला.’”

यावर कुणी हसलं नाही. आणि मग अध्यक्षांनी डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली. धुक्याची म्हटली, आरशाला चिकटलेली म्हटली, वळवाची म्हटली, पुस्तकात नसलेल्याही म्हटल्या. पहिल्या काही कवितांना लोकांचे डोळे पाणावले. त्यानंतर लोक घड्याळाकडे बघू लागले. पण दार अध्यक्षांच्या पाठीमागे होतं आणि त्यांच्या अंगावरून जायची कुणाची छाती नव्हती. निवेदनाशिवाय, पाणी न पिता, त्यांनी अख्खा संग्रह संपवला.

बाहेर पडताना त्यांची बायको एवढंच म्हणाली, “घरी का नाही कधी असं बोललात?”

“तू विचारलंस कधी?”

“तुम्ही सकाळ-संध्याकाळ हवेचा दाब सांगायचात. त्यावर मी काय विचारणार होते?” पण तिने त्यांचा हात धरला होता, हे पुष्कळांनी पाहिलं.

दंतवैद्याचं प्रायश्चित्त असं ठरलं, की चुकीने आपल्या नावावर आलेलं प्रत्येक पुस्तक त्याने स्वतः उघडायचं, आत बघायचं, खरा लेखक शोधून रकान्यात लिहायचा. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “डिस्कवरची प्रत आहे ना? ती परत टाक, झालं.” डिस्कचं काय झालं ते ऐकल्यावर ती इतकी हसली, की तिच्या ऑफिसातले लोक विचारायला आले म्हणे. तेव्हा गत्यंतर नव्हतं. शेळ्यांचा प्रबंध लेखक सापडेपर्यंत वाचावा लागला. लेखकाने आपलं नाव थेट परिशिष्टात दिलं होतं. दवाखान्यातल्या रुग्णांना हल्ली शेळ्यांच्या खुरांविषयी बरंच ऐकावं लागतं. पण जे ऐकतात ते त्याने खरोखर वाचलेलं असतं, हा फरक बायकोने मान्य केला.

‘सापेक्ष आर्द्रता’पुढे आता अध्यक्षांचं खरं नाव लागलं. त्यानंतर ते पुस्तक कुणी उघडलं नाही. सत्काराच्या दिवशी सगळ्यांनी ते एकदम, पूर्ण आणि बळजबरीने ऐकलेलं होतं.

एके दिवशी अध्यक्ष दवाखान्यात आले. दात ठणठणीत होते. दार लोटून घेतलं आणि खिशातून एक पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

“दुसरा संग्रह आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “डॉक्टर, हा तुमच्या नावावर टाकता? तुमचं नाव असलं की लोक उघडून वाचतात.”

दंतवैद्य ओशाळला. “साहेब, आता पुन्हा तसं नको. निदान या वेळी मी आधी वाचतो तरी.”

“छे छे, वाचू नका,” अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. “नाव तेवढं द्या.”